देवाच्या माशांचा उपास

मला पोहता येत नाही हे मी अर्जात लिहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. पोहायला शिकायचं तर आधी पाणी लागतं, आणि पाथर्डीकडच्या आमच्या नदीला पाणी यायचं ते पाहुण्यासारखं, दोन दिवस राहून निघून जायचं. अशा गावचा मी, सायन्सला एकदा आपटी खाऊन घरी बसलेला, आणि नोकरी लागली ती माशांच्या खात्यात. रोजंदारीवरचा मदतनीस. थोरला भाऊ म्हणाला, "आता बैलालाबी होडीत बसवत्याल." घरात हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसलो, पण आतून मला राग आला होता. त्या वयात मला कशाचाही राग यायचा.

तो दुष्काळातला उन्हाळा होता, बहात्तर उलटून त्र्याहत्तर लागलेलं. आमच्याकडची निम्मी माणसं खडी फोडायला गेलेली. मला पाठवलं आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोल्याला, डोंगरात. मला वाटलं, चला, तिकडं तरी पाणी असेल. कसलं काय! राजूरच्या पुढं एस.टी.नं सोडलं तिथून चालत निघालो, तर ओढ्यात नुसते गोटे. माझ्यापुढं आमचे साहेब चालत होते. पन्नाशीचे, खाकी हाफ पँट, डोक्याला टॉवेल बांधलेला, तोंडात विझलेली विडी. साहेबांना रागवायला कारण लागत नसे आणि कौतुक करायला कारण सापडत नसे. पण माशांबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज मऊ व्हायचा, हे मला त्या चढावरच पहिल्यांदा कळलं.

"खडस म्हणतात त्याला," ते म्हणाले. "डोंगरातल्या वाहत्या पाण्याचा मासा. रुपयाएवढं एकेक खवलं. तळ्यात टाकलास तर जगेल, पण पिल्लावळ वाढायची नाही. खाली लोकांनी सुरुंग लावून लावून संपवला. इथं राहिलाय तो देवाच्या नावावर."

ते खरंच होतं. वाडीच्या वरच्या अंगाला कड्याखाली एक डोह होता. काठावर शेंदूर फासलेला दगड. त्या डोहातला मासा कुणी मारायचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या नाही. उलट वाडीतलं कुणी ना कुणी रोज मूठभर भात किंवा नाचणीच्या भाकरीचा कुस्करा पाण्यात टाकायचं, मग घरी जेवायचं. आता त्या डोहाचं लग्नाच्या मांडवाएवढं डबकं झालं होतं. पाणी कमरेला लागेल न लागेल. मी काठावरनं मासे तीनदा मोजले, तीनदा दहाच भरले. सगळे हातभर लांब. एक मादी त्याहून मोठी, तिच्या पाठीवरचा पंख फाटलेला.

"आठ-दहा दिवस," साहेब पाण्याकडं बघून म्हणाले. "मग चिखल."

तीन मैल खाली, खिंडीत, एक दुसरा डोह होता. दिवसभर सावलीत, खालून जिवंत झरा. तो आटणार नव्हता. मासे तिथं न्यायचे, पाऊस पडून ओढा वाहता झाला की ते आपले आपण वर चढतील, असा साहेबांचा बेत. वाडीची माणसं झाडाखाली बसून ऐकत होती. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. सगळे एका म्हातारीच्या तोंडाकडं बघत होते. देवाची दिवाबत्ती तिच्याकडं. नवरा होता तोवर तो करायचा, तो गेल्यावर ही. वाळून काटकी झालेली, पण आवाज खणखणीत. सगळी वाडी तिला आजीच म्हणायची, मीही म्हणायला लागलो.

"ती थोरली हाय ना, फाटक्या पंखाची," ती साहेबांना म्हणाली, "ती मी सून म्हनून आले तवा बी हितंच हुती."

साहेबांनी हे खोडून काढलं नाही. मासा इतकी वर्षं जगतो का, मला ठाऊक नाही. साहेब एवढंच म्हणाले, "म्हणूनच न्यायची, आजी."

म्हातारीनं वर डोहाकडं बघितलं. मग ती म्हणाली, "न्या. पर जित्ती न्या."

पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर होतं. त्याच दुपारी आम्ही दहातले पाच मासे, थोरलीसकट, हाप्यात घेतले. हापा म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाची मोठी पिशवी, पाण्यात चार खुंट्यांना बांधायची. छातीएवढं पाणी लागेल या भीतीनं मी हाप्याची खुंटी सोडत नव्हतो, आणि पाणी होतं कमरेएवढं. पाच मासे एवढ्यासाठी की कॅनव्हासच्या झोळ्या पाचच मिळणार होत्या. एका झोळीत एक मासा, झोळी बांबूला बांधायची, दोन माणसांनी खांद्यावर घ्यायची. उरलेले पाच नंतरच्या खेपेला.

झोळ्या आणायला साहेब राजूरला निघाले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "नीट ऐक. दोन दिवस हाप्यातल्या माशांच्या तोंडात शितसुद्धा जाता कामा नये. भरल्या पोटानं नेला तर मासा हबकून ओकतो, घाण करतो. झोळीतलं पाणी ते केवढं! नासतं आणि मासा त्यातच गुदमरतो. पोट रिकामं असलं तर तीन मैल काय, तेरा मैल जाईल. लोकांना समजावून सांग."

"हो साहेब," मी म्हणालो.

आणि इथंच माझं घोडं पेंड खायला लागलं. समजावून काय सांगायचं? ज्या वाडीत पोरं सरकारनं वाटलेल्या मूठभर सुकडीवर दिवस काढत होती, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीचा तुकडा तीन वाट्यांत वाटला जात होता, तिथं उठून सांगायचं की तुमच्या देवाला दोन दिवस उपाशी ठेवा? मी दुष्काळी मुलखातला. उपाशी हा शब्द घरात कसा हळू बोलतात ते मी बघितलेलं होतं. माझी जीभच वळेना. शिवाय मनात एक शहाणपणाचा किडाही होता, तो आज कबूल करतो. यांना काय कळणार, असं मला वाटलं होतं. शेंदूर फासणारी माणसं, यांना सायन्स काय सांगायचं! मी स्वतः त्याच सायन्समध्ये नापास झालेला, हे सोयीनं विसरून.

मी वाडीत जाऊन एवढंच म्हणालो, "हाप्याजवळ कुणी यायचं नाही. काही टाकायचं नाही. साहेबांचा हुकूम आहे."

हुकूम म्हटल्यावर माणसं गप्प बसली. मला वाटलं, जिंकलो.

दोन दिवस मी डोहाच्या काठावर राखण बसलो. म्हातारी रोज यायची, दगडापुढं दिवा लावायची, लांबूनच हाप्याकडं बघायची. मासे कापडाला तोंड लावून उघडमीट करत. "काय मागत्यात रं ती?" ती विचारायची. मी म्हणायचो, "काही नाही आजी, मासे तसंच करतात." ती मान हलवायची आणि जायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे, तांबडं फुटता फुटता, मासे न्यायचे होते. मी उठून तोंडावर पाणी मारतोय तर म्हातारी समोर. हातात पळसाच्या पानाचा द्रोण, द्रोणात भात. पांढराशुभ्र, वाफाळलेला. त्या उन्हाळ्यात मी दोन महिने भाताचं शित बघितलं नव्हतं.

"आजी, हे कुठून आणलंत?"

"बियाचं हुतं मडक्यात. आवनीसाठी ठिवल्यालं." आवणी म्हणजे भाताची लावणी. म्हातारीनं पुढच्या वर्षाचं बियाणं शिजवलं होतं.

मी वाटेत आडवा आलो. "नको आजी. हुकूम आहे."

"हुकूम ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लेक नांदाया निघाली तर तिला कुनी उपाशी धाडतं का? आन ही तर देवाची. दोन दिस झालं, कुनी कायबी घातलं न्हाई, मला झोप न्हाई लागली बाबा."

एक वाक्य बोलायचं होतं. खाल्लं तर मरतील. तीन शब्द. ते माझ्या घशापर्यंत आले आणि तिच्या हातातल्या त्या वाफेकडं बघून परत खाली गेले. मी म्हणालो, "थोडंसंच घाला."

मूर्खा! आजही ते दोन शब्द आठवले की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. तिनं मूठ सोडली आणि हाप्यात एकच खळबळ उडाली. दोन दिवसांचे भुकेले मासे, पाणी उसळलं, थोरली तर कापडाबाहेर येते की काय. म्हातारी हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते. मीही हसलो, खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. द्रोण रिकामा झाला.

साहेब आले तेव्हा उजाडलं होतं. बरोबर वाडीची दहा माणसं, खांद्यावर बांबू. साहेबांनी हाप्यात वाकून बघितलं आणि मला विचारलं, "पोटं रिकामी आहेत ना?"

"हो साहेब."

मागे म्हातारी उभी होती, पण आम्ही हळू बोलत होतो, तिच्यापर्यंत काही पोचलं नाही.

झोळ्या निघाल्या. ऊन चढायच्या आत खिंड गाठायची होती. वर ओली घोंगडी, खाली सांडत जाणारं पाणी, आणि प्रत्येक झोळीशेजारी बांबूवाल्यांपैकीच एकजण मोकळ्या हातानं पाणी थापटत होता, हवा मिसळावी म्हणून. थोरलीच्या झोळीचं थापटणं साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. पहिला मैल ठीक गेला. मी मनात म्हणालो, सुटलो. साहेब उगाच घाबरवतात.

मग मी घोंगडीचा कोपरा उचलला. पाणी पेजेसारखं गढूळ झालं होतं, वर शितं तरंगत होती. थोरली तोंड वर करून श्वास ओढत होती, आणि तिच्या कल्ल्यांतून आणखी एक शित बाहेर आलं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पुढं साहेब, दहा पावलांवर; बांबूवाले पायाखालचे गोटे बघत चाललेले. मी ओंजळीनं शितं गोळा केली. टाकावीत तर वाटेवर दिसतील. मी ती शर्टाच्या खिशात कोंबली. थापटलं, पुन्हा शितं आली, पुन्हा खिशात. ओला खिसा छातीला चिकटला. वाटेत बदलायला पाणी नव्हतं, तो सगळा ओढाच कोरडा होता. मी नुसता थापटत होतो, हात सुजेपर्यंत, आणि मनात देवाला नवस बोलत होतो. ज्या देवाला मी दोन दिवस हसलो होतो त्यालाच.

"काय रे, पाणी कसं आहे?" साहेबांनी मागं वळून विचारलं.

"चांगलं आहे साहेब."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

खिंडीतल्या डोहात झोळ्या बुडवल्या तेव्हा तीन मासे शेपटी मारून खोल गेले. एक उलटा होऊन तरंगला. थोरलीला साहेबांनी दोन्ही हातांनी धरलं, पाण्यात पुढं-मागं केलं, खूप वेळ, पाठ मोडून आली तरी. ती कुशीवर वळली आणि वळलेलीच राहिली.

म्हातारी एवढी वाट अनवाणी चालत आली होती, ती काठावर मटकन बसली. मग एकजण म्हणाला, "देवाला जागा सोडायची न्हवती." दुसऱ्यानं मान हलवली. आणि साहेब, ज्यांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता, त्यांनी ओले हात टॉवेलला पुसत म्हटलं, "पोटं रिकामी होती, ऊन नव्हतं, घाई नव्हती. तरी दोन गेले. म्हणजे या माशाला ही वाट झेपत नाही. वरचे पाच नको हलवायला."

वाडीची माणसंही तेच म्हणत होती. वरच्या डोहात आणखी आठवड्याचं पाणी. ते पाच चिखलात तडफडून मरणार, आणि सगळ्यांना वाटणार देवाची मर्जी. साहेब वहीत लिहिणार, हा मासा हलवता येत नाही. मग दुसऱ्या कुठल्या डोहातलेही कुणी हलवणार नाही. माझ्या एका 'हो साहेब'मुळं! मूग गिळून बसलो तर नोकरी राहील, अब्रू राहील. बोललो तर माझी तर जाईलच, पण बोट जाईल ते म्हातारीकडं. देवाची थोरली तिच्याच भातानं मेली, हे तिच्यासमोर कसं सांगायचं?

मी खिशात हात घातला आणि शितांचा तो लगदा साहेबांपुढं धरला.

"मी खायला घातलं साहेब. पहाटे. मीच."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. ते हात उगारून पुढं आले आणि मी डोळे मिटले. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण मधेच म्हातारीचा आवाज आला.

"खोटं बोलतोय त्यो. भात म्या घातला."

ती उठून उभी राहिली होती. "पर सायेब, भातानं काय झालं? रोजच तर घालतो आमी."

साहेबांचा हात खाली आला. त्यांनी तिला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत: भरलं पोट, झोळीतलं थोडं पाणी, नासणं, गुदमरणं. दोन मिनिटं लागली. वाडीची माणसं ऐकत होती. एकानं विचारलं, "म्हंजी बैल लांब न्यायचा तर आपन पोटभर पेंड घालत न्हाई, तसंच की." साहेब म्हणाले, "तसंच."

त्यांना कळलं होतं. दोन मिनिटांत. माझ्या कानांतून आग निघत होती.

म्हातारी माझ्याकडं वळली. "तुला हे ठावं हुतं?"

"होय आजी."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्हाला पटायचं नाही."

"इचारलंस का?"

ती ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती पाण्यात उतरली, थोरलीला पदरात घेतलं, तिच्या फाटक्या पंखावरनं बोट फिरवलं आणि रडली. मोठ्यानं, माणूस गेल्यावर रडतात तशी. बाया नव्हत्या तिच्यासोबत, एकटीच रडली. पुरुष माना खाली घालून उभे होते.

रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि साहेबांना म्हणाली, "ऱ्हायलेल्या पाचांना किती दिस उपाशी ठिवायचं?"

"दोन."

"ठिवा," ती म्हणाली. मग माणसांकडं वळून, "पर देव उपाशी आन आपून खायाचं, आसं न्हाई व्हनार. लेकरं सोडून वाडीत दोन दिस चूल पेटायची न्हाई."

साहेब म्हणाले, "अहो आजी, तुम्ही कशाला? आधीच या दिवसांत..." तिनं हातानंच त्यांना गप्प केलं. कुणी कुरकुर केली नाही. मी मात्र मनात म्हणत होतो, होय म्हणू नका रे, काहीतरी भांडा माझ्याशी.

तीन मासे खाली होते, पाच वर. त्याच दुपारी वरचे पाच हाप्यात घेतले. या वेळी राखणीला साहेबही होते आणि काठी घेऊन म्हातारी होती. एक बाई डोहावर भांडं विसळायला आली तर हिनं तिला काठी दाखवून पळवलं, भांड्यात खरकटं असेल म्हणून. मासे कापडाला तोंड लावायचे तेव्हा ती त्यांच्याशी बोलायची, "आमीबी न्हाई खाल्लं बायांनो, आमीबी न्हाई." वाडीकडं बघितलं तर खरोखर धूर नव्हता. लेकरांपुरती सुकडी आणि कालच्या भाकरी वाटून टाकल्या होत्या. माझ्याकडं राजूरहून आणलेली बिस्किटं होती. साहेबांनी बिस्किटांकडं बघितलं, मी साहेबांकडं बघितलं, पुडा कुणी फोडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला भोवळ आली. खडी फोडणाऱ्यांच्या मुलखातला मी, पण आईनं मला कधी दोन दिवस सलग उपाशी ठेवलं नव्हतं, स्वतः राहिली असेल. हे मला त्या दिवशी डोहाच्या काठावर कळलं आणि मी तोंड फिरवून बसलो.

तिसऱ्या पहाटे झोळ्या निघाल्या. उपाशी माणसांच्या खांद्यांवर उपाशी मासे. बोलायला श्वास पुरत नव्हता. मी दर शंभर पावलांनी घोंगडी उचलून बघत होतो. पाणी नितळ. मैलभर गेलं, नितळ. एका उतारावर पुढच्या माणसाचा पाय सटकला, झोळी कलली, अर्धं पाणी सांडलं. माझा जीव टांगणीला लागला. पण मासा तळाशी तसाच राहिला, कल्ले हलवत. पुढं मी त्या माणसाच्या जागी बांबू खांद्यावर घेतला. खांदा सोलून निघाला, ते खाली पोचल्यावर कळलं.

खिंडीत साहेबांनी झोळ्या सोडायला म्हातारीला पुढं केलं. एकेक झोळी तिनं स्वतः पाण्यात कलती केली. पाचही मासे गेले. सरळ, खोल, एकदाही मागं न वळता. साहेब वर तोंड करून उभे राहिले, विडी पेटवायला गेले आणि काडी ओली निघाली.

वाडीतल्या बाया मागनं आल्या होत्या. त्यांनी तिथंच तीन दगड मांडून दोन दिवसांनी चूल पेटवली. मिलोच्या भाकरी आणि मिरची. पहिली भाकरी म्हातारीला दिली. तिनं ती मधोमध मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. मी हात पुढं करेना, तेव्हा तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "आन येक ध्यानात ठिव लेकरा. उपाशी कसं ऱ्हायाचं ते आमाला शिकवाया लागत न्हाई. तू निस्तं सांगितलं आसतंस, तर त्या पयल्याच दिशी चूल ईझवली आसती. थोरली हितंच आसती आज."

रागानं नाही म्हणाली. म्हणून मला ते सहन झालं नाही. मी भाकरी हातात धरून रडायला लागलो, सगळ्या वाडीदेखत, साहेबांदेखत. तिनं मला गप्प केलं नाही. ती पाण्याकडं बघत आपली अर्धी भाकरी सावकाश चावत राहिली.